टाकी किती लिटरची? औसा तालुक्यातल्या एका घराचा हिशेब

मार्च 2023 मध्ये भाच्याचा फोन आला. "मामा, औंदा घरावरचं पाणी धरायचंच. टाकी किती लिटरची बांधू?"

मी विचारलं, "कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? पाणी साठवायला."

पुढचा दीड महिना आमचा त्या 'कशासाठी'वरच गेला. टाकी बांधायला त्यापेक्षा कमी वेळ लागला. माझी सगळी नोकरी पाझर तलाव आणि बंधाऱ्यांवर गेली. तिथं पाणी दशलक्ष घनमीटरमध्ये मोजायचं. घागरीत मोजायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि खरं सांगतो, ते जास्त अवघड निघालं.

घर आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं. औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. घरात सहा माणसं: दाजी, आक्का, दाजींच्या आई, भाचा, सून आणि पाच वर्षांचा नातू. गोठ्यात एक म्हैस. घरावर 620 चौरस फुटांचा स्लॅब, त्याला लागून 280 चौरस फुटांची पत्र्याची पडवी. पडवीवर कडुलिंबाचा मोठा फाटा आलेला.

पाण्याची सोय म्हणाल तर चारशे फुटांवर बोअर. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत नीट चालतो, शिमग्याला गुळण्या टाकायला लागतो आणि पाडव्यानंतर नुसती हवा. जेव्हा चालतो तेव्हाही पाणी जड. भांड्याला पांढरा थर धरतो आणि तुरीची डाळ काही केल्या गळत नाही. तुरीच्या डाळीचा बाजार म्हणून लातूरचं नाव सगळीकडे, आणि आक्काच्या कुकरला सहा-सहा शिट्ट्या. नळाला पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, तेही येईल तेव्हा खरं. मग रोज वीस लिटरचे दोन जार, एक 25 रुपयांना.

तीन माणसं, तीन टाक्या

मी गावी पोचलो तेव्हा तीन आकडे आधीच तयार होते.

पहिला मिस्त्रीचा. त्यानं छप्पर मापलं, मोबाइलवर गुणाकार केला आणि सांगून टाकलं की पन्नास हजार लिटरची घ्या, जमिनीखाली, आरसीसीची. त्याचं गणित असं: स्लॅब आणि पडवी मिळून 900 चौरस फूट, म्हणजे साधारण 83.6 चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. लातूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास. गुणाकार केला की 66 हजार लिटर. मधूनमधून वापर होतो म्हणून पन्नास हजार.

गुणाकार बरोबर होता. पन्नास हजार हा आकडा ऐकून मला मात्र दुसरंच आठवलं. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडल्यावर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या जलदूत गाडीच्या पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, सगळ्या मिळून पाच लाख लिटरच्या आसपास. म्हणजे मिस्त्री आक्काच्या अंगणात त्या गाडीची एक अख्खी वाघीण पुरायला निघाला होता.

दुसरा आकडा भाच्याचा. हजार लिटरच्या दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. दुकानात मिळतात, टेम्पोतून येतात, संध्याकाळी नळ जोडून मोकळं.

तिसरा दाजींचा. तो लिटरमध्ये नव्हता. "पावनं, जुन्या आडाएवढी करा की. म्हशीचं बी भागंल."

तिघांचंही एका अर्थी बरोबर होतं. मिस्त्रीनं पडतं किती ते पाहिलं. भाच्यानं मिळतं काय ते पाहिलं. दाजींनी लागतं काय ते पाहिलं, फक्त मोजलं नाही. टाकी मात्र या तिन्हींच्या मधे कुठंतरी असते, आणि आपल्याकडे तिचं माप ठरवणारी गोष्ट चौथीच आहे: शेवटच्या कामाच्या पावसापासून पुढच्या पहिल्या पावसापर्यंत किती दिवस जातात.

आपल्याकडे हे दिवस भयंकर आहेत. परतीचा पाऊस काही वर्षी ऑक्टोबरात चांगला हात देतो, पण त्यावर विसंबून टाकी बांधता येत नाही. एक ऑक्टोबरपासून दहा जूनपर्यंत अडीचशे दिवस होतात. अवकाळी येतो, गाराही येतात, पण तो येईलच असं धरून कोणी पिण्याच्या पाण्याचा हिशेब करत नाही. केरळात दोन्ही मोसमांत पाऊस पडतो, तिथला कोरडा काळ आपल्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्याच माणसांच्या घराला तिथं टाकीही तशी लहान पुरते. मोबाइलवर मिळणारी बरीच तयार सूत्रं अशा मुलखातली असतात. आकडे टाकले की उत्तर देतात, पण अडीचशे दिवस त्यांच्या हिशेबात नसतात.

आठ दिवस घागर मोजली

मी आक्काला सांगितलं की आठ दिवस पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी मोजायचं. बाकी काही नाही. आंघोळ, धुणं, भांडी, सडा यांतलं काहीच नको.

"आता पानी बी मोजून प्यायचं का रे?" ती म्हणाली. पण मोजलं. वीस लिटरच्या कॅनवर पाच-पाच लिटरच्या खुणा करून दिल्या आणि सुनेनं कॅलेंडरवर तारखेच्या खाली पेन्सिलीनं आकडे लिहिले. सर्वांत कमी 36, सर्वांत जास्त 44. जास्तीच्या दिवशी दाजींचे दोन सोयरे जेवायला होते आणि चहा तीन वेळा झाला होता. मी 45 धरले. माणशी साडेसात लिटर होतात. पुस्तकात माणशी दहा धरा असं सांगतात, ते चुकीचं नाही, पण मोजलेला आकडा हातात असला की पुस्तक बाजूला ठेवावं.

45 गुणिले 250, म्हणजे 11,250 लिटर.

मग दाजींच्या म्हशीकडे वळलो. तिला दिवसाला सत्तर लिटर धरले तर अडीचशे दिवसांचे साडेसतरा हजार होतात. सहा माणसांच्या पिण्या-रांधण्याला लागतं त्याच्या दीडपट एकटी म्हैस पिते. दाजींना हे पटलं नाही, त्यांना म्हशीचा अपमान वाटला. पण आकडा ऐकून ते गप्प झाले, आणि या टाकीतून म्हैस बाहेर पडली. धुणं-आंघोळही बाहेर पडली. ते धरलं तर टाकी लाखाच्या पुढं जाते आणि तेवढं पाणी या छपरावर पडतच नाही.

छपराचा खरा हिशेब

मिस्त्रीचे 66 हजार कुठं गळतात ते आता पाहू.

पडवी आधीच काढून टाकली. तिच्यावर लिंबाचा पाला, लिंबोळ्या आणि कावळ्यांची वस्ती. पत्राही गंजलेला. पत्र्यावरून पाणी चांगलं वाहतं, नव्वद टक्के हाती लागतं, पण मला ते प्यायच्या पाण्यात नको होतं. तिचं पाणी वेगळ्या पन्हळीनं म्हशीच्या जुन्या हौदात सोडलं. दाजींचं तेवढं समाधान झालं.

राहिला स्लॅब. 620 चौरस फूट म्हणजे 57.6 चौरस मीटर. स्लॅबवर काही पाणी मुरतं, काही तापलेल्या सिमेंटवरून उडून जातं, काही खोलगट जागी साचून राहतं. म्हणून ऐंशी टक्के धरले. एक मिलिमीटर पावसाला 46 लिटर. हा 46 आकडा भाच्यानं स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवला. तुम्हीही तुमच्या घराचा असा एक आकडा काढून ठेवा. पुढं सगळे हिशेब तोंडी होतात.

सरासरीच्या वर्षी 46 गुणिले 800, म्हणजे सदतीस हजारांच्या आसपास. पण सरासरीचं वर्ष आलं तर टाकीची एवढी गरजच कुणाला आहे? बोअरही चालतो, नळही येतो. टाकी वाईट वर्षासाठी असते, म्हणून माप वाईट वर्षाला धरून काढायचं. 2014 आणि 2015 अशी सलग दोन वर्षं मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी पडला. ती सगळ्या विभागाची गोष्ट. एखाद्या गावावरून ढग नुसतेच निघून जातात. म्हणून मी निम्मा पाऊस धरला, 400 मिलिमीटर.

46 गुणिले 400 म्हणजे 18,400 लिटर. त्यातून पहिल्या धुवणाचं पाणी वजा. खंडानंतर पाऊस येतो तेव्हा पहिले दोन मिलिमीटर स्लॅबची धूळ, कबुतरांची विष्ठा, वाळत घातलेल्या मिरच्यांची देठं असं सगळं घेऊन येतात. दोन मिलिमीटर म्हणजे या स्लॅबवर सव्वाशे लिटरच्या आत. पावसाळ्यात असं पंधरा वेळा सोडावं लागेल असं धरलं तर सतराशे लिटर गेले. उरले 16,700. पावसाळ्याच्या 112 दिवसांतही घर याच टाकीतलं पिणार, ते 5,040. एक ऑक्टोबरला टाकीत उरतील साडेअकरा हजार आणि वर थोडे.

लागतात 11,250, उरतात साडेअकरा हजार. हे इतकं नेमकं जुळलं तेव्हा मलाच शंका आली आणि मी परत केलं. तो योगायोगच आहे. स्लॅब 450 फुटांचा असता तर वाईट वर्षी घराला पाणी कमी पडलं असतं. मग टाकी मोठी करून काही उपयोग नव्हता, पडवी साफ करून जोडावी लागली असती. नांदेड-किनवटकडे पाऊस जास्त, आष्टी-पाटोद्याकडे बराच कमी. तिथं हेच घर, हीच माणसं, पण उत्तर वेगळं येईल.

यातला एक धोका भाच्याच्या लक्षात आला, माझ्या नाही. तो म्हणाला, "मामा, चारशे मिलिमीटर जून-जुलैतच पडून गेला आन पुढं थेंब बी नाही आला तर?" बरोबर होतं. मग टाकी जुलैअखेर भरून वाहील, वरचं पाणी जाईल आणि अडीचशे दिवसांची मोजणी एक ऑगस्टपासूनच सुरू होईल. दोन महिने कमी पडतील. त्यासाठी टाकी पंधरा हजारांची करता येते, पण तसं वर्ष किती वेळा येणार आणि त्यासाठी आता किती पैसे घालायचे? आम्ही ती जोखीम उघड्या डोळ्यांनी घेतली.

आता भाच्याच्या दोन हजार लिटरचं. 46 नं भागा: 43 मिलिमीटर पाऊस झाला की दोन्ही टाक्या भरल्या. एका रात्रीचं काम. त्यानंतरचं सगळं पाणी अंगणात. आणि एक ऑक्टोबरपासून ते पुरणार 44 दिवस, म्हणजे दिवाळीच्या फराळापर्यंत. तेव्हा बोअर धो-धो चालू असतो. नड नसते तेव्हा ही टाकी भरलेली, आणि नड लागते तेव्हा ती मोकळी.

मिस्त्रीची पन्नास हजारांची टाकी उलट दिशेनं फसते. वाईट वर्षी ती पाव भागाच्या आसपास भरणार. वर ती काळ्या मातीत. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. जमिनीखालची टाकी ऐन पावसाळ्याच्या सुरुवातीला रिकामी असते, आणि नेमकी तेव्हाच बाहेरची माती फुगून भिंतींना रेटत असते. आतून पाण्याचा आधार नाही. त्या दाबाला पुरेल अशी सळई आणि जाडी घातली तर चालते, पण मग खर्चही तसाच. त्याचा भाव होता चार लाख साठ हजार.

बांधकाम

टाकी गोल, फेरोसिमेंटची, जमिनीवर. आतला व्यास 2.6 मीटर, पाण्याची उंची 2.3 मीटर. बसतात 12,200 लिटर. तोटी तळापासून दहा सेंटिमीटर वर, कारण तळाचा गाळ हंड्यात यायला नको. तेवढं पाणी धरायचं नाही. वापरायला 11,680.

उंची मी ठरवली नाही, स्लॅबच्या पन्हळीनं ठरवली. पन्हळ जमिनीपासून साडेदहा फुटांवर. टाकीखाली दीड फुटाचा ओटा हवा, तरच तोटीखाली घागर बसते. पाइपला उतार हवा. हे सगळं वजा करून टाकी आठ फुटांच्या आतच राहते. आणखी पाणी हवं असेल तर रुंदी वाढवा, उंची नाही. हे न पाहता उंच टाकी विकत आणणारे मी पाहिलेत. मग छपराचं पाणी टाकीच्या कमरेपर्यंतच चढतं.

स्लॅबवर टाकी ठेवायचं भाच्याच्या मनात एकदा आलं होतं. स्लॅबचं पाणी स्लॅबवरच्याच टाकीत कसं चढणार, हे विचारल्यावर तो स्वतःच हसला. दाजी हसले नाहीत. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट त्यांनी इथंच काढली आहे. डोक्यावर बारा टन वजन ठेवायची कल्पनाच त्यांनी उडवून लावली.

ओट्याखालची काळी माती तीन फूट काढली, मुरूम लागेपर्यंत. मग दगडगोटे, मुरूम, पाणी मारून ठोकणं, वर काँक्रीट. बारा हजार लिटर म्हणजे बारा टन. काळ्या मातीवर ठेवलं तर एका बाजूनं बसणारच. त्यावर सळयांचा पिंजरा, आतून-बाहेरून कोंबडी जाळी, आणि एकास दोन मालाचा गिलावा, एकूण जाडी दीड इंच. गवंडी उजनीकडचा होता, हात फार सफाईचा. आतली घोटाई त्यानं एका दमात केली, मधे चहालाही थांबला नाही. सांधा राहिला की तिथंच पाझरतं, म्हणाला.

मग आली खरी गंमत. एप्रिलअखेर, बोअर आटलेला, आणि फेरोसिमेंटला चौदा दिवस तरी ओल हवी. पाणी साठवायची टाकी बांधायला पाण्याचा टँकर विकत घेतला. लातूरच्या आडतीतून बारदान आणलं, टाकीला गुंडाळलं आणि सुनेनं दिवसातून पाच वेळा भिजवलं. घाई असेल तर हे काम उन्हाळ्यात काढू नका. दिवाळीनंतर काढा, बोअर चालू असताना.

पहिल्या धुवणासाठी निळा ड्रम. पाइप आधी ड्रमात, ड्रम भरला की पाणी टाकीकडे वळतं. ड्रमच्या तळाला छोटी तोटी, पाऊस थांबल्यावर सोडून द्यायची. ती सोडायला विसरलं की पुढच्या पावसाला ड्रम भरलेलाच आणि घाण सरळ टाकीत. पहिल्या पावसाळ्यात भाचा दोनदा विसरला.

पाइप, ड्रम, तोट्या, मजुरी धरून 78 हजार. वापरता येणाऱ्या लिटरला पावणेसात रुपये. जारचा खर्च वाचेल वगैरे हिशेब भाच्यानं मांडला होता. होळी ते मृग शंभर दिवस, रोज 50 रुपये, म्हणजे वर्षाला पाच हजार. पैसे वसूल व्हायला पंधरा वर्षं. पैसे वाचवायला ही टाकी बांधू नका, मीच त्याला सांगितलं. जार वेळेवर येत नाही, आला तरी त्यात काय आहे कळत नाही आणि बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. बांधायची तर यासाठी बांधा.

काठी

टाकीबरोबर मी एक काठी करून दिली. वेळूची, सरळ, आठ फुटांची. झाकणातून आत सोडली की तळाला टेकते. या टाकीत एक सेंटिमीटर उंचीला 53 लिटर. रोज 45 काढले तर दिवसाला पाऊण सेंटिमीटरहून थोडं जास्त उतरतं. काठीवर लाल रंगानं सण लिहिले. पाणी त्या सणाला तिथं असायला हवं.

एक ऑक्टोबरला 230. त्या वर्षीची दिवाळी 12 नोव्हेंबरची, तेव्हा 194. संक्रांतीला 140. पाडव्याला 68. अक्षय तृतीयेला 42. दहा जूनला 16. दहाच्या खाली तोटी बंद.

आक्काला सेंटिमीटर नको होते. तिला 'संक्रांत ओली आहे का' एवढंच पाहायचं होतं. काठी वर काढायची आणि ओल कुठल्या सणापर्यंत आहे ते बघायचं.

जूनच्या पहिल्या पावसाचं पाणी म्हशीच्या हौदात सोडलं, कारण नव्या सिमेंटच्या पाण्याला चुन्यासारखा वास आणि तुरट चव होती. दोनदा आतून धुतल्यावर मग भरायला घेतली. तेवढ्यात ऑगस्ट आला. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट 2023 चा. काठी महिन्यात 26 सेंटिमीटर उतरली, एका वितीहून जास्त, आणि वर काहीच चढलं नाही. भाच्याचा रोज फोन. "मामा, टाकी लहान झाली का मोठी?" सप्टेंबरात पाऊस परतला आणि महिनाअखेर एका रात्री वरचा पाइप वाहिला. टाकी भरली.

त्या वाहण्याच्या पाइपाला जाळी लावायची राहिली होती. दिवाळीत झाकण उघडलं तर आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. नव्यानं विणलेली बारीक जाळी तारेनं बांधली आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं. प्रमाण ग्रामपंचायतीत सांगतात तेच, हजार लिटरला पाच ग्रॅम. तेव्हा टाकीत दहा हजारांच्या आसपास होतं, म्हणजे पन्नास ग्रॅम. बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी ओतायचं, चुन्याचा गाळ बाहेर. रात्री टाकायचं, सकाळी वापरायचं. एवढं करूनही दाजींच्या आईंना उकळूनच देतात.

संक्रांतीला काठी 140 वर. हिशेब अगदी बरोबर. मी लातुरात बसून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

फेब्रुवारीत नातवाचं जावळ निघालं. दीडशे पानं. जार मागवायचे ठरलं होतं, पण आचाऱ्यानं तोटीचं पाणी चाखलं आणि म्हणाला, हे सोडून दुसऱ्या पाण्यात वरण कशाला करायचं? त्याचंही खरंच. डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली, सगळ्यांनी वाहवा केली. संध्याकाळी भाच्यानं काठी सोडली तर एका दिवसात तेरा सेंटिमीटर उतरलेलं. सातशे लिटर. पंधरा दिवसांचं पाणी.

चूक आचाऱ्याची नाही, माझी. आठ दिवस घागर मोजली ती मार्चमध्ये, साध्या दिवसांत. मराठवाड्यातल्या घरात वर्षाला एक तरी कार्य असतं, हे हिशेबात मीच धरलं नव्हतं. हजार लिटर कार्याचे म्हणून वेगळे धरायला हवे होते. व्यास दहा-बारा सेंटिमीटरनं वाढवला असता की झालं असतं.

पाडव्याला 68 च्या जागी 55. अक्षय तृतीयेला 42 च्या जागी 29. म्हणजे तोटीच्या वर फक्त हजार लिटर. रोज 45 काढले तर एक जूनला संपणार. आक्कानं काठी बघितली आणि भाजी धुणं, डाळ-तांदूळ धुणं टँकरच्या पाण्यावर नेलं. आकडा 35 वर आला. सात जूनला, मृगाच्या तोंडावर, काठी तोटीच्या रेषेवर येऊन थांबली. मधे एकही जार घेतला नाही, हे भाचा आजही सगळ्यांना सांगतो. मी त्याला आठवण करून देतो की एक आठवडा पाऊस लांबला असता तर घेतला असतास.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात इतका पाऊस झाला की नद्या शेतांतून वाहिल्या. आक्काची टाकी जवळपास महिनाभर वरच्या पाइपातून सांडत होती. ते पाहून भाच्याला राहवेना. फोन आला.

"मामा, दुसरी टाकी बांधू का? लई पाणी वाया चाललंय."

"कशासाठी?"

या वेळी तो लगेच म्हणाला, "म्हशीसाठी. दाजींनी—" मग थांबला, हसला. दाजी म्हणजे त्याचे वडील, माझं ऐकून ऐकून तोही कधीकधी त्यांना दाजी म्हणतो. "अण्णांनी सांगायला लावलंय."

"मग आठ दिवस मोजून कळव," मी म्हणालो. "आणि उन्हाळ्यात परत आठ दिवस."

पहिले आकडे आलेत. 48, 51, 46, 50. पावसाळ्याचा ओला चारा आहे तोवर एवढंच. एप्रिलचे यायचेत.